उलट्या पंखातली फट

पावसाळ्यात तुमच्यापैकी कितीतरी जण मुळशीला जात असतील. पौड गेलं, धरणाचं पाणी दिसायला लागलं, की पुढे ताम्हिणी घाट. एसटीतून गेला असाल, तर एक गोष्ट लक्षात आली असेल. वळण आलं की ड्रायव्हरकाका गाडी हळू करतात, आणि तरीही आपण सगळे एका बाजूला कलतो. आजोबा पुढच्या सीटची दांडी घट्ट धरतात, कुणाची तरी पिशवी घसरते. आता मला सांगा, वळणावर हळू का व्हायचं? सरळ रस्त्यावर जाते त्याच वेगानं गाडी का वळत नाही?

कारण गाडीला वळवणारं रस्त्यावर एकच असतं, ते म्हणजे टायरची पकड. चारही टायर मिळून रस्त्याला टेकतात ती जागा किती, तर तुमच्या शाळेच्या दोन-चार वह्या मांडल्या तर झाकून जाईल एवढी. तेवढ्या जागेच्या जोरावर अख्खी गाडी वळते. ही पकड किती, हे टायर रस्त्यावर किती दाबला गेलाय यावर ठरतं. खोडरबर हलकं फिरवलं तर नुसतं घसरतं, दाबून धरलं तर कागदाला धरतं. तसंच.

मग कुणी हुशार म्हणेल, "सोपं आहे! गाडीत सिमेंटची पोती भरू. टायर दाबले जातील, पकड वाढेल." पकड वाढेल हे खरं. पण आता ती पोतीसुद्धा वळवायला लागतील ना! वजन दुप्पट केलं तर पकड जेमतेम दुप्पट होते, आणि वळवायचं ओझं पूर्ण दुप्पट. हाती काही लागत नाही. उलट वेग घेताना आणि ब्रेक मारताना गाडी जड जाते ती वेगळीच.

शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्यांना हवं असतं ते असं: टायर दाबले जावेत, पण गाडीचं वजन वाढू नये. ओझं नको, नुसता दाब हवा. असा दाब फुकट देणारी एकच वस्तू आपल्या सगळ्यांच्या भोवती आहे, ती म्हणजे हवा.

विमानाचा पंख हवेतून जोरात गेला की वर उचलला जातो. तोच पंख उलटा करून गाडीवर बसवला तर? गाडी खाली दाबली जाईल. कल्पना इतकी साधी आहे की ती सुचायला इतकी वर्षं का लागली याचं मला नवल वाटतं. १९५६ साली मिखाएल माय नावाच्या स्विस इंजिनिअरनं आपल्या पोर्शे गाडीवर, ड्रायव्हरच्या डोक्यावर येईल असा उलटा पंख बसवला आणि जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगला नेला. आयोजकांनी तो उतरवायला लावला. मागच्या गाड्यांना पुढचं दिसणार नाही, असं कारण दिलं. मग दहा वर्षं कुणी फारसं तिकडे पाहिलंच नाही. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासच्या जिम हॉलनं 'चॅपरल' नावाची पांढरी गाडी आणली. तिच्यावर उंच खांबांवर मोठा पंख होता, आणि तो खांब थेट मागच्या चाकांच्या आधाराला जोडलेला होता. म्हणजे दाब स्प्रिंगवर न पडता सरळ टायरवर. १९६८ पर्यंत फॉर्म्युला वनच्या गाड्यांवरही पंख आले.

पुढच्याच वर्षी त्याची दुसरी बाजू दिसली. मे १९६९, स्पेनमधलं बार्सिलोना. लोटस कंपनीच्या दोन गाड्या, चालक ग्रॅहॅम हिल आणि योखेन रिंट. उंच खांबावरचा पंख इतका दाब देत होता की खांब आणि पंख तो सोसू शकले नाहीत. आधी हिलच्या गाडीचा पंख मोडला आणि गाडी कठड्यावर आदळली. हिल वाचला. थोड्या फेऱ्यांनंतर जवळपास त्याच जागी रिंटचा पंख मोडला. रिंट जखमी झाला, पण जिवावरचं टळलं. दोनच आठवड्यांनी, मोनॅकोच्या शर्यतीच्या वेळी, असे उंच पंख बंद करण्यात आले. पंख तेव्हापासून खाली आले, गाडीच्या अंगाला घट्ट बसले. मागे जो पंख दिसतो त्याचं रूप तिथून घडत गेलं.

हे सगळं परदेशातलं आणि मोठ्या पैशांचं झालं. आपल्याकडचं सांगतो.

'फॉर्म्युला स्टुडंट' नावाच्या स्पर्धा असतात. इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलंमुली मिळून एक लहान, एका माणसाची शर्यतीची गाडी स्वतः आखतात, स्वतः बनवतात आणि स्वतः चालवतात. आयआयटी मुंबईचे विद्यार्थी २०१२ साली विजेवर चालणारी गाडी घेऊन इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला गेले होते. पुण्याच्या सीओईपीमधून, म्हणजे १८५४ सालच्या आपल्या जुन्या इंजिनिअरिंग कॉलेजातूनही, अशा गाड्या निघतात. भारतात यातली 'फॉर्म्युला भारत' ही स्पर्धा कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होते. तुमच्या घरातला, वाड्यातला किंवा सोसायटीतला एखादा दादा किंवा ताई अशा गाडीपायी रात्र-रात्र वर्कशॉपमध्ये घालवत असेल. घरच्यांना वाटतं, अभ्यास सोडून हे काय चाललंय!

या स्पर्धांचा ट्रॅक मोठ्या शर्यतींसारखा लांबलचक नसतो. रस्त्यावर नारिंगी-निळे-पिवळे शंकू मांडून आखलेला, आखूड, वळणावळणांचा. एक फेरी जेमतेम एक किलोमीटरच्या आसपास. सरळ भाग इतका छोटा की गाडी जरा वेग घेते न घेते तोच पुढचं वळण. सरासरी वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पौड रस्त्यावरून जाणारी मोटरसायकलसुद्धा कधीकधी याहून जोरात असते.

इतक्या कमी वेगात पंखाचा उपयोग होतो का? बरीच वर्षं खुद्द या स्पर्धांतल्या लोकांमध्ये यावर वाद होता. कारण पंखाचा दाब वेगाच्या वर्गानुसार बदलतो. वेग दुप्पट तर दाब चौपट. वेग निम्मा तर दाब पाव! आपण आकडेच मांडून पाहू या. (पाचवी-सहावीच्या दोस्तांनी गणित सोडून नुसतं उत्तर वाचलं तरी चालेल.)

पुण्यात उन्हाच्या दुपारी एक घनमीटर हवेचं वस्तुमान सुमारे १.१ किलो भरतं. पंख एक चौरस मीटरचा धरू. वेग ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. त्याचा वर्ग २७८. हवेच्या १.१ चं निम्मं ०.५५. दोन्हींचा गुणाकार १५३. आता याला पंखाच्या 'कर्तबगारी'च्या आकड्यानं गुणायचं. चांगल्या पंखासाठी तो २.५ धरू. उत्तर ३८२ न्यूटन, म्हणजे जवळजवळ ३९ किलोचा दाब. तुमच्या वर्गातला एखादा मुलगा गाडीच्या पाठीवर बसावा तेवढा, पण त्या मुलाला वळवायचं ओझं मात्र नाही! ताशी ३० ला हाच दाब १० किलोसुद्धा भरत नाही. ताशी १२० ला मात्र १५६ किलो. आणि गंमत बघा, हीच गाडी मुंबईला समुद्रकाठी नेली तर तिथली हवा दाट असल्यानं ६० च्या वेगात दोन किलो दाब जास्त मिळेल.

चालकासकट गाडी समजा ३०० किलोची. स्पर्धेत इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या वर्तुळात गाडी फिरवायची एक परीक्षा असते. आतल्या वर्तुळाचा व्यास १५.२५ मीटर. चांगली गाडी एक वर्तुळ पाच सेकंदांत मारते, तेव्हा तिचा वेग ताशी ४१ च्या आसपास असतो. त्या वेगाला आपला पंख १८ किलो दाबतो. पकड सहा टक्के वाढली, वेग तीन टक्के वाढला, पाच सेकंदांतला दीड दशांश सेकंद वाचला. हसू नका. या परीक्षेत पहिल्या आणि पाचव्या नंबरात कधीकधी तेवढंच अंतर असतं.

पण मघाचा तो २.५ चा आकडा मी कुठून आणला? तिथंच तर खरी मेख आहे. साध्या एका पात्याच्या पंखातून तो निघत नाही.

पातं जितकं तिरकं करावं तितका दाब वाढतो. पण एका मर्यादेपर्यंतच. साधारण १५ अंशांच्या पुढे तिरकं केलं की पंख एकदम 'रुसतो'. त्याच्या पोटाखालची हवा पृष्ठभाग सोडून देते, मागे भोवरे होतात, दाब घसरतो आणि हवेचा अडथळा मात्र वाढतो. असं का होतं, ते समजायला आपण परत ताम्हिणीला जाऊ, या वेळी सायकलवरून.

तुम्ही उतारावरून खाली येताय. वेग मस्त मिळाला. पण तुमच्या सायकलचा ब्रेक जरा घासतोय. उतार संपला की समोर चढ. मिळालेल्या वेगावर तो चढायचा, पेडल मारायचं नाही. ब्रेक घासत नसता तर चढून गेला असता. पण घासण्यात वेग खर्च झाल्यामुळे तुम्ही मध्येच थांबता आणि मागे घरंगळायला लागता. उलट्या पंखाच्या पोटाखालून जाणाऱ्या हवेचं अगदी असंच होतं. पुढच्या भागात ती वेग घेते, तिथला दाब कमी होतो. हा झाला उतार. मागच्या टोकाकडे जाताना दाब पुन्हा वाढत जातो, हा चढ. आणि पृष्ठभागाला चिकटून जाणारा हवेचा पातळ थर घर्षणानं दमलेला असतो. पातं जास्त तिरकं म्हणजे चढ जास्त उभा. दमलेली हवा मध्येच थांबते, उलटी फिरते, आणि झालं, पंख रुसला.

यावर तोड निघाली ती विमानांच्या जगात, एका अपघातातून. पहिल्या महायुद्धात गुस्टाव लाखमान नावाचा तरुण जर्मन वैमानिक असाच पंख रुसल्यामुळे विमानासकट खाली आला. इस्पितळात पडल्यापडल्या तो विचार करत राहिला: एका पंखाऐवजी त्याचे तुकडे करून मध्ये फटी ठेवल्या तर? १९१८ साली त्यानं पेटंट मागितलं, तर पेटंटवाल्यांचा विश्वासच बसेना. पंखाला भोक पाडून उचल वाढते, हे कोण मान्य करणार! मग गॉटिंगेनच्या प्रांटल या नामांकित शास्त्रज्ञांकडे त्याची चाचणी झाली. उचल साठ टक्क्यांहून जास्त वाढलेली निघाली. तिकडे इंग्लंडमध्ये फ्रेडरिक हँडली पेज यांनाही स्वतंत्रपणे हीच युक्ती सापडली होती. दोघं कोर्टात भांडत बसले नाहीत, समझोता केला, आणि पुढे लाखमान हँडली पेज यांच्याच कंपनीत कामाला लागला. मला ही गोष्ट फार आवडते.

लोहगावला विमानानं उतरलात आणि खिडकी पंखापाशी असली, तर पाहा. जमीन जवळ आली की पंखाच्या मागून पाती बाहेर सरकतात आणि मध्ये फट दिसते. विमानात बसायचा योग नसला तरी बिघडत नाही. मुळशीच्या पाण्यावर घिरट्या घालणारी घार फांदीवर उतरताना पाहा. पंखाच्या पुढच्या कडेला, आपला अंगठा असतो त्या जागी, तिला तीन-चार छोटी पिसं असतात. उतरताना ती उभी राहतात आणि फट पडते.

आता फट नेमकं काय करते? पुष्कळ पुस्तकांत लिहिलेलं असतं की फटीतून हवा जोरानं फुंकली जाते आणि ती दमलेल्या हवेला ढकलते. ऐकायला बरं वाटतं, पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही, आणि मुख्य मुद्दाच त्यात निसटतो. ए. एम. ओ. स्मिथ या अमेरिकन इंजिनिअरनं १९७५ मध्ये हे नीट उलगडून सांगितलं. आपल्या सायकलच्या भाषेत सांगायचं तर ही रिले शर्यत आहे. मागच्या पात्याच्या नाकाखाली हवा आधीच वेगात असते, म्हणजे तिथं खोलगट भाग असतो. पुढच्या पात्याची शेपटी नेमकी त्या खोलगट भागापाशी येऊन संपते. त्यामुळे पहिल्या सायकलवाल्याला पूर्ण चढ चढावाच लागत नाही. अर्ध्यावरच तो बॅटन देतो आणि बाजूला होतो. दुसरं पातं नव्या दमाच्या हवेनं सुरुवात करतं, कारण त्याच्या अंगावरचा थर नुकता कुठे तयार होत असतो. शिवाय पुढचं पातं मागच्याचंही काम हलकं करतं, त्याच्या नाकापाशी हवेला एकदम फार मोठी उडी घ्यावी लागत नाही. दोघं एकमेकांच्या उपयोगी पडतात. म्हणून दोन-तीन पाती मिळून पंख खूप जास्त वाकवता येतो आणि हवा सुटत नाही. एका पात्याची मजल दीडच्या आसपास, तर तीन पात्यांची अडीचपर्यंत, कधी त्याहूनही पुढे जाते.

ही फट केवढी हवी? पंखाच्या पुढून मागेपर्यंतच्या रुंदीच्या एक ते दोन टक्के. रुंदी अर्धा मीटर असेल तर पाच ते दहा मिलिमीटर, म्हणजे आपल्या पेन्सिलीच्या जाडीच्या आसपास! फार अरुंद झाली तर दोन्ही पात्यांचे दमलेले थर एकमेकांत मिसळतात आणि फट नसल्यासारखंच होतं. फार रुंद झाली तर पाती एकमेकांना विसरतात. वर्कशॉपमध्ये दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झाले की महिन्यांची मेहनत वाया. म्हणून मुलं आधी संगणकावर शेकडो वेळा फट सरकवून बघतात. हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते, हे पुष्कळांच्या लक्षात नसतं. तिथल्या संगणकांवर कारखान्यांच्या गाड्यांसाठी हवेचं असंच गणित चालतं.

मोठ्या लांब ट्रॅकवर इतकी पाती परवडत नाहीत, कारण पंख हवा अडवतोही, आणि लांब सरळ रस्त्यावर तो अडथळा वेग खातो. आखूड ट्रॅकवर मात्र तो वेग गाठायला जागाच नसते. म्हणून या छोट्या गाड्यांचे पंख फॉर्म्युला वनच्या मानानं केवढे तरी मोठे, फडताळासारखे दिसतात. दोन्ही टोकांना उभ्या पाट्या असतात, त्या शोभेच्या नाहीत. वरची जास्त दाबाची हवा कडेवरून खाली गळू नये म्हणून ते कुंपण असतं.

एक घोटाळा मात्र नेहमी होतो. मागचा पंख मागच्या चाकांच्याही मागे असतो. बागेतला सीसॉ आठवा. आपला ३९ किलोचा दाब मागच्या आसाच्या ३० सेंटिमीटर मागे पडला आणि दोन आसांमध्ये अंतर १५५ सेंटिमीटर असलं, तर मागची चाकं साडेशेहेचाळीस किलोनं दाबली जातात, पण पुढची साडेसात किलोनं हलकी होतात! मग स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाऊ पाहते. म्हणून मागे पंख लावला की पुढेही लावावाच लागतो.

आणि १९६९ चं बार्सिलोना कुणी विसरलेलं नाही. फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमांत पंख तपासायची रीत दिली आहे. १५ सेंटिमीटर लांब-रुंद जागेवर २०० न्यूटन, म्हणजे सुमारे २० किलोनं दाबलं तर पंख १० मिलिमीटरपेक्षा जास्त वाकता कामा नये. वाकला तर गाडी ट्रॅकवर जात नाही, मग ती कितीही वेगवान असो. पंख तर हलका हवा. पाच-सात किलोंच्या आत बसवायची धडपड असते, कारण त्याचं वजन गाडी थांबलेली असतानाही अंगावर असतं आणि दाब मात्र पळतानाच मिळतो. हलका, तरी न वाकणारा. म्हणून आत फोम आणि बाहेर काचतंतू किंवा कार्बनतंतूचं पातळ कवच. फोमला आकार देतात तो तापलेल्या तारेनं. २०१८ च्या बंदीआधी गणपतीच्या मखरासाठी थर्मोकोल असाच कापायचे, बाबांना विचारा.

आता करून पाहा. लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या, १५ सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद. त्याला किंचित कमान द्या आणि दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याच्या उभ्या पाट्या चिकटपट्टीनं लावा. कमानीचा फुगीर भाग खाली. त्या भागावर लोकरीचे चार-पाच सेंटिमीटरचे धागे ओळीनं चिकटवा. टेबलफॅनपासून हातभर अंतरावर धरा आणि खालून बघा. फॅनला जाळी असलीच पाहिजे, आणि घरातलं मोठं माणूस जवळ हवं. धागे सरळ मागे वाहताना दिसतील. आता कागदाची मागची कड हळूहळू वर करा. एका कोनाला मागचे धागे थरथरतील, मग सैरावैरा होतील. कंपासपेटीतल्या कोनमापकानं तो कोन मोजून वहीत लिहा. मग तेवढाच दुसरा कागद घ्या, त्याचे दोन तुकडे करा, मागच्या तुकड्याचं नाक पुढच्याच्या शेपटीच्या जरासं वर ठेवून मध्ये तीन मिलिमीटरची फट सोडा आणि पुन्हा मोजा. पहिल्या खेपेला जमेलच असं नाही, फॅनची हवा गोल फिरत येते. समोर सरबताच्या कागदी नळ्यांची जुडी बांधून ठेवली तर ती बरीच सरळ होते. फट दोनची, चारची, सहाची करून प्रत्येक वेळचा कोन लिहून ठेवा.